वैष्णवीचा दाखला

जुळे सोलापूर,
मंगळवार, १९ मे २०२६

प्रिय सुबोध,

आशीर्वाद. ओवीने काढलेलं चित्र मिळालं. त्यात तुमचं घर आहे, घराभोवती बर्फ आहे आणि वरच्या खिडकीत एक टक्कल आहे. ते मी, हे कळावं म्हणून सूनबाईंनी खाली ‘आजोबांची खोली’ असं लिहिलंय, पण टक्कल बघून माझं मला कळलं होतं. चित्र फ्रिजवर लावलंय. पाणी प्यायला उठलं की दिसतं, आणि या उन्हाळ्यात मी दर अर्ध्या तासाला पाणी प्यायला उठतो. पारा चव्वेचाळीसवर गेलाय. नळाला पाणी पाचव्या दिवशी, म्हणून घरभर बादल्या. समोरच्या दाक्षायणीबाई दोन भाकरी आणि शेंगाची चटणी देऊन जातात, त्यामुळे जेवणाचं बरं चाललंय.

फोन सोडून हा म्हातारा कागद का खरडत बसलाय, असं तुला वाटेल. फोनवर माझ्याच्याने काही होत नाही रे. तू गाडी चालवत असतोस, मध्येच ओवी फोन ओढून घेते, आणि मी ‘हो, बघतो, करतो’ एवढंच म्हणून ठेवून देतो. शिवाय व्हिडिओवर तोंड दिसतं. मला जे सांगायचंय ते तू माझ्या तोंडाकडे बघत असताना मला सांगवणार नाही. म्हणून लिहितोय. पोस्टाने पाठवतोय, दहा-बारा दिवसांत मिळेल. गाडीत वाचू नकोस. घरी बसून वाच.

आधी कामाचं. पुण्याला जाऊन मेडिकल झालं. छाती, रक्त, लघवी सगळं बघून डॉक्टर म्हणाले, काका, फिट आहात. बोटांचे ठसे झाले. त्यातली दोन बोटं उमटेचनात, ठसे घेणारी मुलगी म्हणाली की रेषा झिजल्यात. झिजतील नाहीतर काय, सगळी नोकरी रजिस्टरची पानं उलटण्यात गेली. पोलिसांचा दाखलाही आला. आम्हाला कॅनडाला कायमचं बोलावून घ्यायला तू २०२० साली माझं आणि आईचं नाव टाकलंस. चार वर्षांनी तिथल्या सरकारच्या लॉटरीत नंबर लागला तेव्हा आई नव्हती. मग एकट्या माझा अर्ज, आणि तेव्हापासून कागद, कागद आणि कागद. एखाद्या देशात कायमचं राहायला जायचं तर माणसाला इतकं सिद्ध करावं लागतं हे मला माहीत नव्हतं. जन्मलो, लग्न केलं, मुलं झाली, बायको गेली, प्रत्येकाला पुरावा. तक्रार करत नाही. खिडकीच्या आत बसून मीही लोकांना हेच करायला लावलं.

अडलंय ते एका कागदावर. अर्जात सगळ्या मुलांची नावं द्यायची होती, हयात असोत की नसोत. तू तुझ्या हाताने भरलंस: वैष्णवी, जन्म १९७८, मृत, १९९७, केम. मी खाली सही केली. आता त्यांनी तिच्या मृत्यूचा दाखला मागितलाय, मुदत तीस मे, तीही एकदा वाढवून घेतलेली. दाखला गेला नाही तर अर्ज बाद. परत नाव टाकून परत नंबर लागेपर्यंत मी काही टिकत नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून तर रविवारी तू माझ्यावर ओरडलास. बाबा, तुम्ही जन्मभर लोकांना दाखले दिलेत, स्वतःच्या मुलीचा एक दाखला काढायला तीन महिने लागतात? तुझा राग आला नाही. तुझ्या जागी मी असतो तर आधीच ओरडलो असतो.

या तीन महिन्यांत मी तुला काय काय सांगितलं ते आठव. केमच्या रजिस्टरला वाळवी लागलीय. कारकून रजेवर आहे. सर्व्हर बंद आहे. पुढच्या सोमवारी या म्हणालेत. ही सगळी कारणं मी स्वतः वापरलेली आहेत, सुबोध. कुठलं कारण किती दिवस पुरतं ते मला पाठ आहे. मात्र मी केमला गेलोच नाही, सोलापूरच्या माझ्या जुन्या ऑफिसापर्यंत एकदाच गेलो, आणि आत न जाता फाटकापाशी झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या शिवप्पाकडे गेलो. हा तीस वर्षं तिथे लोकांचे अर्ज लिहून देतो आणि त्याआडून बरंच काही करून देतो. नोकरीत असताना मी त्याला दोनदा हाकललं होतं. मी त्याला एवढंच म्हणालो की जुनी नोंद आहे, सापडत नाही. तो माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, “सायेब, मेलेल्याला जितं करायला वरसं लागत्यात. जित्याला मारायला दोन दिस बास की.” त्याने कोरा नमुना माझ्यापुढे सरकवला.

तो नमुना घरी आणून मी भरला. रकाने मला डोळे मिटून भरता येतात. नाव, वय, ठिकाण, मृत्यूचं कारण. कारणात कावीळ लिहिलं. शेवटी माहिती देणाऱ्याची सही असते, तिथे पेन टेकवला आणि का कोण जाणे, बजाबाई आठवली. तुला ती माहीत आहे, तुझ्या लहानपणी मी तिची गोष्ट मोठ्या तोऱ्यात सांगायचो. मोहोळकडची म्हातारी. पुतण्याने जमिनीसाठी तिला कागदावर मारून टाकलं होतं. दर सोमवारी यायची आणि खिडकीचे गज धरून म्हणायची, “म्या हितं तुमच्या म्होरं हुबी हाय की वो सायेब, मग मेली कोन?” मी म्हणायचो, आजी, तुम्ही मला दिसताय, पण रजिस्टरला दिसत नाही. दोन वर्षं मी तिच्यासाठी खपून कागद जमवले, साहेबांशी भांडलो आणि तिची नोंद रद्द करून घेतली. त्या दिवशी तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि “लई उपकार झालं” म्हणाली. मी घरी येऊन जेवताना तुम्हाला दोघांना सांगितलं की आज एका बाईला जिवंत केलं. तुझी आई भरल्या ताटावरून उठून गेली. आईला काय झालं, असं तू मला विचारलंस. मी म्हणालो, ऊन लागलं असेल.

आईला काय झालं होतं ते आज सांगतो. वैष्णवी मेलेली नाही. तुझी ताई जिवंत आहे, अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, आणि मी तिला गेल्या महिन्यात भेटून आलोय.

पत्र खाली ठेवू नकोस. शिव्या द्यायच्या त्या दे, पण पुढचं वाच.

सत्त्याण्णव साली मी केमला आरोग्य केंद्रात कारकून होतो. तू चार वर्षांचा होतास आणि आईपेक्षा ताईच्या कडेवर जास्त असायचास. तिच्यानंतर पंधरा वर्षांनी झालेला तू, तुझं न्हाऊमाखू, भरवणं, निजवणं सगळं तीच करायची. केम म्हणजे कुंकवाचं गाव. तिथल्या एका कारखान्याची गाडी गुरुशांत नावाचा मुलगा चालवायचा. लिंगायत. निर्व्यसनी होता, कष्टाळू होता, आपल्या मुलीवर त्याचा जीव होता. हे सगळं मला आज लिहिता येतंय. तेव्हा एवढंच दिसलं की आपल्या घरात पिढ्यान्पिढ्या देवळाची पूजा, माझ्या वडिलांना गाव वाकून नमस्कार करायचं, आणि माझी मुलगी एका ड्रायव्हरबरोबर पळून जाऊन लग्न करते. रागाच्या भरात लोक म्हणतात की तिच्या नावाने अंघोळ केली. म्हणतात आणि वर्षभराने बारशाला जातात. मी खरोखर केली. विहिरीवर गेलो, डोक्यावरून पाणी घेतलं, ओलेत्याने घरी आलो आणि तुझ्या आईला सांगितलं की आपली मुलगी मेली, या घरात आता एवढंच बोलायचं. ती बोलली नाही. मी बोलू दिलं नाही, असं म्हणणं जास्त बरोबर होईल.

दोन महिन्यांत मी खटपट करून सोलापूरला बदली घेतली. नव्या शेजाऱ्यांना, ऑफिसात, तुझ्या बालवाडीत सगळीकडे एकच सांगितलं, थोरली काविळीने गेली. चार नातेवाइकांना दम भरला. त्यांनीही ते आनंदाने पाळलं, घराण्याची लाज त्यांचीही होतीच. तू आठवडाभर ‘ताई कुठंय’ म्हणून रडलास, मग ‘देवाघरी’ म्हणायला शिकलास. तिचा दहावीचा फोटो मोठा करून आणला, चौकट केली, हार घातला. दर दसऱ्याला मी तो हार बदलायचो, आणि तू खाली स्टूल धरून उभा राहायचास. तुझ्या कधी लक्षात आलं का रे, आईने त्या फोटोला कधी हात लावला नाही? फूल वाहिलं नाही, गंध लावलं नाही. तुला वाटायचं, तिला बघवत नाही. तसं नव्हतं. जिवंत लेकीला हार घालायला ती तयार नव्हती. माझ्याविरुद्ध तिने जन्मात एवढी एकच गोष्ट केली, आणि मी ती पंचवीस वर्षं रोज बघत होतो.

तर गेल्या महिन्यात, केमला रजिस्टर बघायला जातो असं तुला सांगितलं त्या दिवशी, मी टेंभुर्णीच्या एसटीत बसलो. पत्ता मला कसा माहीत, ते पुढे येईल. टेंभुर्णीत हायवेच्या पलीकडे एक प्रसूतिगृह आहे. तिथे ती वीस-बावीस वर्षं सिस्टर आहे. सरळ जाऊन नाव विचारायचा धीर होईना, म्हणून मी केसपेपरच्या रांगेत उभा राहिलो. टेबलावरच्या मुलीने विचारलं, पेशंट कुठंय? मी म्हणालो, मीच. ती खुदकन हसली. “आजोबा, हितं बाळंतपणं होत्यात की!” बाकावरच्या सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तो गलका ऐकून आतून एक सिस्टर आली. केस पिकायला लागलेत, अंगाने भरलीय, आणि चालणं थेट तुझ्या आईचं. मला बघून ती जागच्या जागी थांबली. मग त्या मुलीला म्हणाली, आजोबांना आत पाठव, मी बीपी बघते. आजोबा म्हणाली ती मला. दुसरं काय म्हणणार?

तिने माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, काट्याकडे बघितलं. “एकशे सत्तर आहे. सकाळची गोळी घेतली नाही का?” मी म्हणालो, विसरलो. “एकटेच आलात? आई?” मी म्हणालो, आई जाऊन चार वर्षं झाली. तिने पट्टा सोडला, घडी घातली, परत उलगडला, परत घडी घातली. बराच वेळ तेच चाललं होतं. मग तिने विचारलं, कशासाठी आलात? त्या क्षणी एखादं बरं खोटं सुचलं असतं तर मी बोललो असतो. सुचलं नाही. मी कॅनडाचं सगळं सांगितलं, तुझा अर्ज, तिचं नाव, मृत, दाखला. ती हसली. म्हणाली, “म्हणजे माझ्यासाठी नाही आलात. कागद अडला म्हणून आलात.” मी हो म्हणालो. तिने दोन चहा सांगितले.

तिला तुझं सगळं माहीत आहे, सुबोध. फेसबुकवर ती तुझे फोटो बघते. तू कुठल्या गावात घर घेतलंस, ओवी कधी चालायला लागली, सगळं. ओवीचं नाक माझ्यासारखं आहे म्हणाली, आणि आहेच ते. मी विचारलं, मग कधी त्याला मेसेज का केला नाहीस? तर म्हणाली, “मेलेल्या माणसाचा मेसेज गेला तर घाबरेल की तो.” गुरुशांतचं आता स्वतःचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. एक मुलगी आहे, पुण्यात शिकते. सुखात आहे ती. माझ्यावाचून तिचं काही अडलेलं नाही.

मग तिने एक गोष्ट सांगितली. तुला ती सांगावी की नाही याचा मी महिनाभर विचार केला. ती एकदा आपल्याकडे आली होती. नव्व्याण्णव सालची दिवाळीची सुट्टी, आपण तेव्हा भवानी पेठेत भाड्याने राहत होतो. कुणाकडून तरी पत्ता काढून ती आली. मी ऑफिसात, आई दळण आणायला गेलेली. दार तू उघडलंस, सहा वर्षांचा. तिने तुला लिमलेटच्या गोळ्या दिल्या. तुझ्यामागे भिंतीवर तिचा फोटो होता आणि त्याला दसऱ्याचा हार होता. तिने तुला विचारलं, ही कोण? तू म्हणालास, “ही माझी ताई. ती मेली.” आणि मग तू तिला विचारलंस, तुम्ही कोण? ती म्हणाली, चुकून आले बाळ, दुसऱ्याच्या घरी जायचं होतं. आणि जिना उतरून गेली. “बाबा चिडतील, तोंडावर दार लावतील, एवढं धरून चालले होते मी,” ती मला म्हणाली, “मारून टाकलं असेल असं नव्हतं वाटलं.” तुझा यात काही दोष नाही, राजा. शिकवलेलं तू नीट म्हणून दाखवलंस.

निघताना तिने स्वतःच दाखल्याचा विषय काढला. म्हणाली, “काढून टाका दाखला. माझं काय, मी इतकी वर्षं मेलेलीच आहे. तुम्ही जा नातीकडे. एकटे किती दिवस राहणार?” हे ती रागाने म्हणाली असती, तर सुबोध, मी तो दाखला काढला असता. ती काळजीने म्हणाली. गोळ्या कुठल्या घेता तेही तिने एका चिठ्ठीवर लिहून घेतलं.

आता पत्त्याचं. हे लिहिताना मध्ये उठून दोनदा पाणी पिऊन आलो. जिल्ह्यातल्या दवाखान्यांमधल्या जन्मांच्या याद्या दर महिन्याला माझ्या टेबलावर यायच्या. २००३ साली टेंभुर्णीच्या एका नव्या प्रसूतिगृहाची यादी आली आणि मी ती परत परत बघितली. अक्षर मी पाटीवर गिरवून घेतलेलं होतं, न ओळखून सांगतो कुणाला. खाली पूर्ण नाव, सही, दवाखान्याचा पत्ता, फोन नंबर. त्यानंतर आठ वर्षं माझी मुलगी मला दर महिन्याला याद्या पाठवत होती आणि तिला ते माहीत नव्हतं. मी त्यावर शिक्का मारायचो. एखाद्या महिन्यात यादी उशिरा आली की मला जेवण जायचं नाही. २०११ साली रिटायर झालो तेव्हा हार घालून घेताना मी रडलो, सगळ्यांना वाटलं, साहेबांचा ऑफिसवर किती जीव! आणि या आठ वर्षांत मी एकदाही फोन उचलला नाही. का, असं विचारशील. ती जिवंत आहे म्हणायचं, तर मी काय केलं तेही म्हणायला लागलं असतं. अभिमान म्हण, भीती म्हण. आता इतका दमलोय की दोन्हीतला फरक मला सांगता येणार नाही.

तरी हे एवढंच असतं तर मी गप्प बसून मेलो असतो. २०२२ साली आई दवाखान्यात होती. तू पोचलास तेव्हा ती बोलण्यापलीकडे गेली होती, पण त्याआधी ती शुद्धीवर होती, बोलत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने ते नाव घेतलं. म्हणाली, “एकदा वैशूला बघू द्या हो मला. तुम्ही शोधाल तर सापडेल.” मी म्हणालो, इतक्या वर्षांनी कुठे शोधू? टेंभुर्णी इथून दोन तासांवर आहे, सुबोध. पत्ता मला पाठ होता, नंबर मला पाठ होता. ती नऊ दिवस बोलत होती. नऊ दिवस रोज सकाळी विचारायची, काही कळलं का? आणि मी रोज म्हणायचो, चौकशी चालू आहे. मी तिलासुद्धा ऑफिसातलंच उत्तर दिलं. टेंभुर्णीत वैष्णवीने मला विचारलं की आईने शेवटी माझं नाव काढलं होतं का. मी म्हणालो, रोज. ते खरं होतं. पुढचं सांगवलं नाही.

शिवप्पाचा नमुना मी फाडून टाकला. काल दुपारी कॅनडावाल्यांच्या ईमेलला उत्तर पाठवलं, एका बोटाने टाइप करून, तीन तास लागले. लिहिलं की माझी मुलगी हयात आहे, तिचं नाव आणि पत्ता असा असा, अर्जातली माहिती खोटी आहे, माझ्या मुलाला खरं माहीत नव्हतं, ते मी त्याच्यापासून लपवलं. तुझ्या स्वतःच्या अर्जातही तू बहीण मृत लिहिली असशील. तिकडच्या चांगल्या वकिलाला विचारून तेही नीट करून घे आणि माझं उत्तर त्याला जोड. माझा अर्ज आता बाद होईल, वर पाच वर्षांची बंदीही येऊ शकते असं वाचलं. ती संपेल तेव्हा मी सत्त्याहत्तर वर्षांचा असेन, म्हणजे विषय संपला. वरच्या खोलीत तुमचं काहीतरी सामान ठेवा. ओवी विचारेल तेव्हा आजोबा आजारी आहेत वगैरे सांगू नकोस, जे आहे ते सांग. मुलं खोटं फार नीट पाठ करतात. हे पत्र माफीसाठी लिहिलेलं नाही, ती मागायचं माझं वय आणि तोंड दोन्ही राहिलेलं नाही. एका कामासाठी लिहिलंय. त्या दिवशी मला एसटीत बसवताना वैष्णवीने सहज सांगितलं की भाऊबीजेला, भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात ना, तशी ती दरवर्षी गच्चीवर जाऊन ओवाळते. गुरुशांत सोडला तर सासरी कुणाला माहीतच नाही की हिला भाऊ आहे. यंदा भाऊबीज नोव्हेंबरात आहे, तू ये. आईचे ते नऊ दिवस तिला तू सांग, माझ्याच्याने होत नाही. माझं तोंड बघावंसं वाटलं नाही तर सोलापूरपर्यंत येऊ नकोस. पुण्याहून येताना टेंभुर्णी आधी लागतं. तिथेच उतर.

तुझाच,
बाबा